परतीची वाट आधी आखा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जोडून सुट्ट्या आल्या की गाडीच्या मागे सायकली बांधून निघालेली कुटुंबं आता मुंबई-नाशिक रस्त्यावर हमखास दिसतात. वीस वर्षांपूर्वी हे दृश्य दुर्मीळ होतं. सायकल म्हणजे एक तर शाळकरी मुलांची, नाही तर दूधवाल्याची, असाच समज होता. तो बदलायला पुष्कळ गोष्टी कारणीभूत झाल्या. नाशिकपुरतं बोलायचं तर डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. त्या बातमीनं इथल्या कितीतरी घरांतल्या माळ्यावरच्या सायकली खाली आल्या. नाशिकहून पंढरपूरला सायकलींची वारीही निघते.

पण आज मला विक्रमवीरांबद्दल बोलायचं नाही. तीन दिवसांची सुट्टी, बरोबर घरची माणसं, मुक्काम त्र्यंबकेश्वरला आणि हौसेनं आणलेली एक सायकल. अशा साध्या माणसानं आपल्या फेऱ्या कशा आखाव्यात, एवढाच माझा विषय आहे. मी स्वतः असाच एक हौशी माणूस. ठाण्यात राहतो, नोकरीतून निवृत्त झालो आहे. गेली बारा-तेरा वर्षं हिवाळ्यात आणि जमलं तर होळीच्या आसपास आम्ही दोघं त्र्यंबकला येतो. पत्नीला ओढ देवळाची आणि निवृत्तिनाथांच्या समाधीची, मला रस्त्यांची.

फेरी आखताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो किती किलोमीटर हा. त्र्यंबकला हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, परत कसं यायचं? याचं कारण या गावाच्या जागेतच आहे.

त्र्यंबक ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसलेलं. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरांच्या पश्चिमेला पडलेलं पाणी वैतरणेतून अरबी समुद्राकडे जातं. म्हणजे गाव जवळजवळ पाणलोटाच्या माथ्यावर. शाळेत भूगोलाच्या तासाला आपण हे पाठ केलेलं असतं. सायकलवर बसलं की त्याचा अर्थ मांड्यांना कळतो. जिथून नदी निघते, तिथून रस्तेही खालीच जायचे. पूर्वेला नाशिककडे निघा, उतार. दक्षिणेला पहिने-घोटीकडे निघा, एकंदरीत उतारच. पश्चिमेला मोखाडा-जव्हारकडे निघा, तर तोरंगणचा घाट उतरून सरळ कोकणाच्या अंगाला.

इतर ठिकाणी असं नसतं. वाईला मुक्काम करून पसरणीचा घाट चढणारा माणूस सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी चढतो आणि परतताना हात-पाय सैल सोडून उतरतो. दमला तर तिथूनच मागे फिरतो. घर खालीच असतं. त्र्यंबकला हिशेब उलटा. सकाळी सगळं सोपं जातं, आपण फार जोरात चालवतो आहोत असं वाटू लागतं, आणि चढ शिल्लक राहतो तो ऊन तापल्यावर, पाणी संपत आल्यावर. नाशिकच्या रस्त्याचंच बघा. अठ्ठावीस-तीस किलोमीटरचा हा रस्ता डोळ्यांना सपाट दिसतो. पण नाशिक त्र्यंबकपेक्षा शंभरेक मीटर तरी खाली आहे. त्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी दुपारनंतर वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. जाताना पाठीशी उतार आणि वारा, येताना तोंडावर चढ आणि वारा. सवा तासात गेलेला माणूस परत येताना दोन तास घेतो आणि सायकलच्या चाकात काही अडकलंय का ते वाकून वाकून पाहतो.

मार्चअखेरची एक गोष्ट सांगतो. जव्हारचा राजवाडा पाहून आम्ही गाडीनं परत येत होतो. दुपारचा साडेबाराचा सुमार. तोरंगण घाटाच्या अलीकडे एका झाडाखाली दोन चांगल्या सायकली आडव्या पडलेल्या आणि दोन तरुण बसलेले दिसले. गाडी थांबवली.

"पाणी आहे का रे बाळांनो?"

"नाही काका, मघाशीच संपलं."

"घाट किती राहिलाय?"

"फोन पाच किलोमीटर दाखवतोय. पण याला जरा गरगरतंय."

दुसरा मुलगा काही बोलतच नव्हता. डोकं दुखत होतं, मळमळत होतं, पाय गोळे येऊन आखडले होते. आम्ही त्याला सावलीत आडवं केलं, मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवली. पत्नीच्या पिशवीत साखर-मिठाची पुडी होती, तिचं पाणी करून घोट घोट पाजलं. अर्ध्या-पाऊण तासानं त्याला हुशारी आली. मग एक काळी-पिवळी थांबवली. ड्रायव्हरदादांनी दोन्ही सायकली टपावर दोरीनं बांधल्या आणि सगळे वर आलो. संध्याकाळी मुलगा ठणठणीत होता. पण ऊन लागलेला माणूस बडबडू लागला, घाम यायचा थांबला, तर मात्र घरगुती उपायांवर विसंबू नये. अंग गार करत करत थेट दवाखाना गाठावा.

मी नंतर त्या मुलांना सहज विचारलं, बेत काय होता? तर बेत व्यवस्थित होता. मोखाड्यापर्यंत तीस-बत्तीस किलोमीटर, परत तेवढेच. जाताना दीड तास, येताना दोन तास. सायकली उत्तम, पंक्चरचं सामान जवळ. सकाळी आधी दर्शन घेऊन निघायचं ठरलं होतं. रांग अपेक्षेपेक्षा लांबली आणि निघायला नऊ वाजले. मुलं बेफिकीर नव्हती. त्यांनी बेत आखला होता तो जाण्याच्या टोकाकडून. तो येण्याच्या टोकाकडून आखायला हवा.

म्हणजे कसं, ते सांगतो. आदल्या रात्री कागद घ्यावा आणि सर्वांत वर, घरी किती वाजता पोचायचं आहे, ती वेळ लिहावी. मार्चअखेर असेल तर साडेदहा. त्यानंतरचं ऊन मला नको असतं. मग उलटं मोजत यायचं. सपाटीवर माझा वेग ताशी अठरा किलोमीटर. चढाच्या दर शंभर मीटर उंचीला मी अकरा-बारा मिनिटं जास्तीची धरतो. उंची नकाशावरून कळते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर दर वीस मीटरला एक समोच्चरेषा असते, त्या मोजायच्या. आता फोनवरही रस्त्याचा चढउतार रेघेत दिसतो. मोखाड्याहून परतीचा चढ, मधले लहान-मोठे चढ धरून, मी पाचशे मीटर धरतो. बत्तीस किलोमीटरचे पावणेदोन तास, चढाचा जवळजवळ एक तास, पाणी आणि दम खाण्याची वीस मिनिटं. झाले तीन तास. म्हणजे मोखाड्याहून साडेसातला निघायला हवं. मोखाड्याला पोचायला दीड तास. तर त्र्यंबकहून सहा वाजता निघायला हवं. मार्चअखेर सहाला अजून अंधार असतो आणि घाट अंधारात उतरायचा नसतो. म्हणून मार्चात ही फेरी माझ्या कागदावर बसतच नाही.

आता तेच जानेवारीत बघा. सव्वासातला उजेडात निघालो, पावणेनऊला मोखाडा. अर्धा तास चहा आणि गरम काहीतरी. सव्वानऊला परत फिरलो की सव्वाबाराला घरी. जानेवारीत सव्वाबाराचं ऊन सोसतं. तोच रस्ता, तीच सायकल, तोच माणूस. एका महिन्यात जमतं, दुसऱ्यात जमत नाही. हे कागदावर कळायला दहा मिनिटं लागतात आणि रस्त्यावर कळायला अख्खी दुपार लागते.

या हिशेबात एक वेळ फार महत्त्वाची, ती वळण्याची. पावणेनऊ म्हणजे पावणेनऊ, फार तर सव्वानऊ. तेवढ्यात मोखाडा आलं नाही, तरी जिथं असू तिथून सायकल वळवायची. गावाची पाटी पाहिली नाही म्हणून काही बिघडत नाही. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांच्या ज्या 'ब्रेव्हे' नावाच्या फेऱ्या असतात, त्यांत २०० किलोमीटरला साडेतेरा तास देतात. सरासरी ताशी पंधरा किलोमीटरसुद्धा भरत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, किती सोपं! पण त्या साडेतेरा तासांत जेवण, चहा, पंक्चर, चढ, सगळं आलं. सायकल थांबली तरी घड्याळ थांबत नाही, हे ज्यानं धरलं त्याचीच फेरी वेळेत होते.

खाण्यापिण्याचंही तसंच आहे. फ्रान्समध्ये सेंट एटिएन गावात पॉल द व्हिव्ही नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. १८५३ चा जन्म, १९३० साली वारले. सायकलला गिअर असावेत म्हणून ज्यांनी हयातभर प्रचार केला त्यांतले ते एक. भूक लागण्याआधी खावं, तहान लागण्याआधी प्यावं आणि दुसऱ्याला दाखवण्यासाठी पेडल मारू नये, असा त्यांचा उपदेश.  मी दर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरतो. दोन बाटल्यांपैकी एकीत लिंबू-मीठ-साखर. खिशात राजगिऱ्याचे लाडू आणि केळी. या भागात नागली भरपूर. मुक्कामाच्या घरी आदल्या दिवशी सांगितलं तर सकाळी नागलीची भाकरी आणि चटणी बांधून मिळते. घाटाच्या पायथ्याशी यावं तेव्हा बाटल्या भरलेल्या असाव्यात, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

आता तीन दिवसांचा क्रम. पहिल्या दिवशी प्रवासानं अंग आंबलेलं असतं आणि गाडीच्या मागे बांधलेली सायकलही खिळखिळी झालेली असते. त्या संध्याकाळी नाशिकच्या दिशेनं अंजनेरी फाट्यापर्यंत जाऊन यावं. जाऊन-येऊन पंधरा-सोळा किलोमीटर. ब्रेक, नट, हवा, सीटची उंची सगळं तपासून होतं. अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं नाण्यांचं संग्रहालय आहे; घरची मंडळी गाडीनं ते पाहायला आली तर दोन्ही कामं होतात.

दुसरा दिवस लांबच्या फेरीचा. हिवाळा असेल आणि पाय सरावाचे असतील तर मोखाडा. नसतील तर मोखाड्याच्या रस्त्यावरच घाटाच्या तोंडापर्यंत जावं, खाली दरी पाहावी, चहा प्यावा आणि घाट न उतरता मागं फिरावं. या फेरीला कोणी कमी समजू नये. याहून निवांत हवं असेल त्यांनी नाशिक रस्त्यावरून डावीकडे बेझे-चाकोऱ्याच्या बाजूला वळावं. इथं गोदावरी अजून लहान आहे. चक्रतीर्थ इथलंच. गौतमी-गोदावरी धरणाचं पाणी, भाताची खाचरं, आणि पुढं गिरणाऱ्याकडे गेलं तर टोमॅटोचे मळे आणि हंगामात त्यांचा बाजार. रस्ते अरुंद आहेत, पण ट्रकांची धावपळ कमी. हरसूलच्या बाजूचा रस्ता देखणा आहे. मात्र तिकडे दुकानं विरळ आणि फोनची रेंज बेभरवशाची. तिकडे एकट्यानं जाऊ नये आणि कुठं चाललो हे घरी लिहून ठेवून जावं.

फेरी आखताना पंचांगही पाहावं लागतं, हे या गावाचं वैशिष्ट्य. श्रावणातले सोमवार, त्यातही तिसरा, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेचा. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा. त्या आठवड्यात नाशिकचा रस्ता दिंड्यांनी भरलेला असतो. महाशिवरात्र आहेच. या दिवसांत रस्ता वारकऱ्यांचा आहे, असं समजून सायकल कुलपात ठेवावी आणि आपणही चालावं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पहिन्याच्या धबधब्यांकडे गाड्यांची रीघ लागते. धुकं, निसरडा रस्ता आणि बेभान ड्रायव्हर असे तिन्ही एकत्र येतात. सिंहस्थ २०१५ मध्ये झाला, त्यानंतरची मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातली. त्या काळात आणि त्याआधी रस्त्यांची कामं चालू असताना, कुठला रस्ता खोदलेला आहे याची चौकशी मुक्कामाच्या ठिकाणी आधी फोनवरून करावी. नकाशात खडी दिसत नाही.

अजून एक हिशेब आहे, तो घरच्यांचा. सुट्टी सगळ्यांची असते. आपण पहाटे निघून जातो तेव्हा मागं राहिलेल्या माणसाच्या दिवसाचा काही भाग आपण उचलून नेलेला असतो. बारा वाजता जेवायला येतो असं सांगून तीनला आलेला माणूस कितीही आनंदात असला तरी त्याच्या ताटाभोवती आनंद नसतो. शिवाय फोन लागत नसेल तर त्या तीन तासांत घरच्यांच्या मनात काय काय येऊन जातं! आमच्याकडे एक साधा नियम आहे. वळण्याची वेळ आणि पोचण्याची वेळ, दोन्ही लिहिलेला कागद मी पत्नीजवळ ठेवून जातो. पोचण्याच्या वेळेनंतर एका तासानं ती गाडी काढून त्याच रस्त्यानं निघणार, हे ठरलेलं असतं. म्हणून कागदावरचा रस्ता मी ऐनवेळी बदलत नाही.

या रस्त्यांवर हौसेनं सायकल चालवणारे आपण पाहुणे. रोजच्या सायकली वेगळ्या आहेत. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवरून पाड्यांवरच्या मुली शाळेला जाताना दिसतात. दप्तर पुढं, कधी मागं धाकटी बहीण. चढ आला की त्या उतरतात आणि गप्पा मारत सायकल ढकलतात. माथ्यावर आल्या की पुन्हा बसतात. त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही आणि वाटायचं कारणही नाही. त्यांना वेळेवर शाळेत पोचायचं असतं. आपल्यातल्या पुष्कळांना मात्र चढावर उतरणं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटतं. त्या फ्रेंच गृहस्थांचा तिसरा उपदेश या मुली न वाचता पाळतात.

राहिला तिसरा दिवस. हा निघण्याचा दिवस आणि इथं मात्र त्र्यंबकचा उतार आपल्या कामी येतो. मुंबई-ठाण्याच्या माणसाला घरी जाताना घोटीवरूनच जाता येतं. पेगलवाडी फाट्यावरून पहिने आणि तिथून घोटी, साधारण तीस किलोमीटर. एका बाजूला डोंगर, दोन्ही बाजूंना भाताची शेतं, मधे एखादा चढ सोडला तर रस्ता आपल्याला हळूहळू खालीच नेतो. मी सकाळी सायकलवर निघतो. पत्नी सावकाश चहा घेते, सामान बांधते, कुशावर्तावर एक फेरी मारते आणि गाडी घेऊन निघते. घोटी ही भाताच्या गिरण्यांची पेठ. तिथं आम्ही भेटतो, वर्षाचा तांदूळ घेतो, सायकल मागं बांधतो आणि मुंबईच्या रस्त्याला लागतो. तीन दिवसांत परत चढावं न लागणारी अशी ही एकच फेरी, म्हणून ती शेवटासाठी राखून ठेवलेली. परतीची वाट आधी आखायची ती एवढ्यासाठीच. कुठला उतार फुकट आहे आणि कुठल्या उताराची किंमत दुपारी मोजावी लागणार आहे, हे निघण्याआधी कळतं.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या सुट्टीत त्र्यंबकला आलात तर सायकल जरूर आणा. हेल्मेट आणा, मागचा लाल दिवा आणा, दोन जादा ट्यूब आणा. आणि आदल्या रात्री कागदावर सर्वांत वर घरी पोचायची वेळ लिहा. बाकीची फेरी तिच्याखाली आपोआप उतरत जाईल.